निवडलेली फुलं

पहिले दोन-चार दणकून पाऊस झाले की कल्याण, बदलापूर, विरार, पालघर या स्टेशनांबाहेर एक भाजी दिसायला लागते. म्हणजे ओळखणाऱ्याला दिसते. बाकीचे तिला ओलांडून गाडी पकडायला धावतात. वीतभर लांबीचे, तपकिरी-जांभळे, मिटलेले कोंब जुड्या बांधून प्लॅस्टिकच्या कागदावर आडवे टाकलेले असतात आणि शेजारी आवळ्याहून लहान अशा हिरव्या फळांचा ढीग. विकणाऱ्या बहुतेक कातकरी, ठाकूर, वारली बायका. अंधारात घर सोडून, मिळेल त्या गाडीनं आलेल्या. माल उन्हं चढायच्या आत संपला तर बरं, नाहीतर कोमेजलेल्या जुड्यांना कोणी विचारत नाही.

ही शेवळं. सुरणाच्या रानटी भावंडाचा हा फुलोरा. कंद वर्षाचा बराच काळ जमिनीत निपचित असतो आणि पाऊस लागला की पानाच्या आधी फुलोरा वर काढतो. तो उमलला की त्याला कुजका वास सुटतो, कारण त्याला बोलवायच्या असतात माश्या. माणसानं तो त्याआधी, मिटलेला असतानाच खुडायचा. शेजारची हिरवी फळं म्हणजे काकडं. काकड नावाच्या झाडाची ती फळं तोंड वाकडं व्हावं इतकी आंबट असतात, आणि शेवळांबरोबर ती घ्यावीच लागतात. ‘काकडं नकोत’ म्हटल्यावर एका बाईनं माझ्या हातातली जुडी काढून घेतली. “घसा खाजला की शिव्या आम्हालाच ना,” ती म्हणाली. गिऱ्हाइकाला माल न विकण्याचं हे कारण मला फार आवडलं.

संपादकांनी यंदा ‘पाहुणचार’ हा विषय काढला आणि त्यातलं फुलांचं जेवण माझ्याकडे आलं. त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा हॉटेलातली मोठी पांढरी बशी असावी, मधोमध चमचाभर खीर आणि तिच्यावर एक जांभळी पाकळी. तिकडेही मी जाऊन आले, त्याचं पुढे सांगते. पण स्टेशनापासून सुरुवात केल्यामुळे एक गोष्ट लवकर लक्षात आली. फूल शिजवायला काही लागत नाही. कांदा, मिरची, हळद, वाफ, झालं. सगळी विद्या त्याआधीची आहे. कोणतं फूल खुडायचं, केव्हा खुडायचं, त्यातलं काय काढून टाकायचं आणि उरलेल्याचा कडूपणा, चीक, खाज कशानं मारायची. एका शब्दात, निवडणं. पाहुणे येण्याआधी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून कोणीतरी मान मोडेपर्यंत केलेलं हे काम पाहुण्यांना कधीच दिसत नाही.

आधी खाज, मग चव

ठाण्यातल्या एका सीकेपी घरात मी ते पाहायला बसले. काकू सत्तरीच्या आहेत. त्यांच्या सासूबाईंच्या काळात शेवळंवाली दारावर यायची, आता त्या स्वतः स्टेशनवर जातात. हाताला तेल चोळून त्यांनी पहिली जुडी सोडली. बाहेरचं आवरण उलगडून बाजूला. आतल्या दांड्याच्या बुडाकडचा पिवळट, दाणेदार भाग मोडून फेकायचा. खाजेचा मोठा वाटा त्यातच. उरलेलं बारीक चिरायचं, अगदी बारीक, कारण याची करायची ती कणी. बघता बघता परातभर जुड्यांचं वाटीभर चिरलेलं उरलं.

खाज येते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. अळू आणि सुरण हे याच कुळातले, म्हणून त्यांनाही चिंच किंवा आमसूल लागतं. शेवळांच्या बाबतीत ते काम काकडं करतात. ती ठेचून, बिया काढून, रस घालायचा आणि मग भाजी घाई न करता, पूर्ण शिजू द्यायची. रानात काकडाला फळं धरलेली असतात त्याच दिवसांत शेवळं वर येतात, म्हणून दोन्ही एकाच टोपलीतून बाजारात येतात. कोणी पहिल्यांदा हे जुळवलं असेल त्याच्या घशाचं काय झालं असेल, याचा विचार करत मी चिरलेल्या शेवळांकडे पाहत होते. काकूंनी तोपर्यंत सोडे भिजत घातले होते. सीकेपी घरांत शेवळांत सोडे, कोळंबी किंवा खिमा पडतो. वर नारळाचं दूध. चवीला फूल म्हणावं असं त्यात काहीच नाही. कोणी न सांगता वाढलं तर मांसाहारी माणूसही ‘हे कसलं मटण’ म्हणून विचारेल.

काकूंचं आमंत्रण देण्याचं तंत्र मला या सगळ्याहून मजेदार वाटलं. शेवळांच्या जेवणाची तारीख आठवडाभर आधी ठरवता येत नाही. पाऊस लांबला तर जुड्या येत नाहीत, फार कोसळला तरी येत नाहीत. म्हणून त्या सकाळी स्टेशनवरून येता येता फोन करतात: “मिळाली. संध्याकाळी या.” ज्याला कामं टाकून येता येतं तो येतो. बोलवायच्या माणसांची यादी मात्र वर्षानुवर्षं ठरलेली आहे आणि त्यात नवं नाव सहज शिरत नाही. “ज्याला चव कळत नाही त्याच्यासाठी एवढं निवडत कोण बसणार?” हे त्यांनी माझ्याकडे बघूनच विचारलं.

काडी आणि पापुद्रा

केळफुलाला मोसमाचा असा काच नाही, ते बाजारात बाराही महिने या ना त्या दिवशी सापडतं. तरी ते घेणारे कमी होत चाललेत, आणि कारण प्रत्येक भाजीवालीला पाठ आहे: “निवडायचं कोणी?”

केळीच्या घडाच्या टोकाला लोंबणारा लालसर-जांभळा बोंडा म्हणजे केळफूल. घडात आधी येतात त्या मादी फुलांच्या केळी होतात. त्यानंतरची फुलं नर. त्यांना फळ धरत नाही, पण बोंडा मात्र लोंबतच राहतो आणि घडाच्या वाट्याचं थोडं खाऊन टाकतो. म्हणून शेवटची फणी सुटली की शेतकरी तो कापून टाकतो. कोकणात आणि वसईच्या बाजूला या कापलेल्या बोंड्याची भाजी होते. जळगावकडच्या मोठ्या बागांमध्ये मात्र हजारो बोंडे कापले जात असताना त्यातले किती चुलीपर्यंत पोहोचतात, हे बांधावर नजर टाकली की कळतं.

बोंड्याचं एकेक आवरण उचललं की खाली फिकट पिवळ्या फुलांची रांग बसलेली असते. प्रत्येक फुलात टोकाला गोळा असलेली एक टणक काडी असते, ती शिजत नाही. बुडाशी एक पारदर्शक पापुद्रा असतो, तोही दाताखाली येतो. दोन्ही काढायचे. प्रत्येक फुलातून. आवरणामागून आवरण, फुलं लहान होत जातात आणि काडी पकडणं अवघड. शेवटी गाभा पांढरा, कोवळा लागला की तो तसाच चिरायचा. चिकानं बोटं काळी पडतात आणि चिरलेली फुलंही, म्हणून ती लगेच ताकात किंवा मिठाच्या पाण्यात टाकायची. रात्रभर राहिली तर तुरटपणा बराच उतरतो. दुसऱ्या दिवशी भिजवलेले काळे वाटाणे किंवा हरभरे, ओलं खोबरं, थोडा गूळ.

वसईतल्या एका घरी हे काम संध्याकाळी मालिका बघता बघता चाललं होतं. सासू, सून, शेजारीण आणि शाळेतला मुलगा, ज्याची बोटं बारीक म्हणून त्याला काड्यांवर बसवलेलं. चौघांत एक बोंडा तासाभराच्या आत संपला. एकटीनं बसलं तर तोच अंगावर येतो. या भाजीला एकत्र घर लागतं असं मी म्हणणार नाही, आमच्या इमारतीत एक गृहस्थ एकटेच रेडिओ लावून ती निवडतात. पण चार हात असले की भाजी वाढते आणि नसले की केळफूल टोपलीतच राहतं, हे खरं.

फूल खाल्लं तर शेंग नाही

शेवग्याची फुलं खायची तर शेंगांवर पाणी सोडावं लागतं. म्हणून ज्याच्या दारात एकच झाड आहे तो फुलांना हात लावत नाही; झाडाखाली जुनं लुगडं अंथरतो आणि वाऱ्यानं गळतील तेवढी घेतो. गळालेली फुलं निवडायला आणखी किचकट, त्यांत मुंग्या, काड्या, सुकलेल्या पाकळ्या. पण कांद्यावर परतून, बेसन पेरून केलेली ती भाजी किंवा त्यांत फोडलेली दोन अंडी ज्यानं खाल्ली आहेत तो लुगडं अंथरतोच.

लाल भोपळ्याचं गणित सोपं आहे, कारण वेल स्वतःच सांगतो. फुलाच्या मागे चिमुकला भोपळा धरलेला असेल तर ते मादी, त्याला सोडून द्यायचं. लांब, बारीक देठावर उभं असेल ते नर. त्यातली काही परागासाठी ठेवून बाकीची तोडायची, तीही सकाळी, कारण ऊन तापलं की फूल मिटतं आणि मिटलेल्या फुलात मुंगळा किंवा मधमाशी अडकलेली असू शकते. आतला केसर काढायचा, पिठात बुडवायचं, तळायचं. पाहुण्यांसमोर ठेवायला याहून देखणी भजी नाहीत. मुलं तर आधी फूल ओळखायला भांडतात.

आणि हादगा. मिरजेकडच्या पानमळ्यांत विड्याच्या पानांचा वेल चढवायला शेवरी, शेवगा, पांगारा, हादगा अशी झाडं लावायची जुनी रीत आहे. वेलाला आधार आणि सावली मिळते, मालकाला वर हादग्याची फुलं. पांढरी, वाकडी, पक्ष्याच्या चोचीसारखी ही फुलं हाताला जड लागतात. आतली केसराची दांडी कडू. ती ओढून काढली नाही तर सगळी भाजी कडवट. दांडी काढायची युक्ती मला तिथल्या एका मजूर बाईंनी दाखवली: फूल उघडायचं नाही, देठाकडून चिमटीत धरून पिळायचं, दांडी आपोआप निसटून येते. मी दहादा करून पाहिलं तेव्हा एकदा जमलं. आश्विनात हस्त नक्षत्राच्या दिवसांत मुली फेर धरतात त्या खेळालाही तिकडे हादगाच म्हणतात. त्यातल्या ओळखायच्या खिरापतीत हादग्याच्या फुलाची भजी असावीत अशी माझी फार इच्छा होती. मी विचारलेल्या एकाही घरात ती निघाली नाहीत.

पहाटे पडतं ते

आतापर्यंतच्या सगळ्या फुलांत काहीतरी सोडावं लागतं. मोहाचं तसं नाही. मार्च-एप्रिलमध्ये रात्री उमललेल्या मोहाच्या जाड, रसाळ पाकळ्यांचा पेला पहाटे आपसूक गळून पडतो आणि फळ धरणारा भाग झाडावरच राहतो. म्हणजे फूल खाऊनही फळ मिळतं, फळाच्या बियांचं तेल मिळतं. गडचिरोलीत ज्यांच्या वाट्याला मोहाची झाडं आहेत ती घरं या दिवसांत उजाडायच्या आधी झाडाखाली असतात. उशीर केला तर गुरं, हरणं, अस्वलं वाट पाहत नाहीत.

वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून जमीन साफ करायची पद्धत आहे आणि उन्हाळ्यातल्या वणव्यांचं ते एक कारणही आहे. आता काही गावं झाडून घेतात किंवा झाडाखाली जाळी बांधतात. जाळीतलं फूल मातीला लागत नाही, खाण्यासाठी ते केव्हाही चांगलं. फुलं अंगणात वाळली की मनुकांसारखी तपकिरी, सुरकुतलेली होतात आणि गोडवा दाट होतो. खायची असतील तर त्यातले केसर चोळून, पाखडून काढावे लागतात. ते घशाशी लागतात. म्हणजे इथंही निवडणं आलंच. मग भाजून तिळाबरोबर कांडायची, लाडू वळायचे किंवा पिठात मिसळून भाकरी थापायची.

मोह म्हटलं की दारू, एवढंच शहरात माहीत. त्यात सरकारचा हातभार जुना आहे. मुंबई इलाख्यात १८९२ साली खास मोहाच्या फुलांसाठी एक कायदा झाला आणि ठाणे, कुलाबा या जिल्ह्यांत फुलं गोळा करण्या-बाळगण्यावर बंधनं आली. अबकारीचं उत्पन्न बुडू नये ही काळजी. ज्याच्या घरी उन्हाळ्यात तेच धान्याच्या जोडीचं अन्न, त्याच्या कणगीकडे संशयानं पाहिलं जाऊ लागलं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर जंगलात राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला, पण शंभर-सव्वाशे वर्षांचा संशय एका कायद्यानं धुतला जात नाही. बचत गटाच्या एका ताई मोहाचे लाडू घेऊन नागपुरातल्या प्रदर्शनात बसल्या होत्या. डब्याजवळ येऊन एक गृहस्थ डोळा मारत म्हणाले, “चढत नाही ना?” ताईंनी हा प्रश्न त्या दिवसात कितीदा ऐकला असेल कोण जाणे, त्यांनी न बोलता एक लाडू पुढे केला.

डबीतली फुलं

पुण्याबाहेरच्या एका पॉलिहाउसमध्ये दुसरीच दुनिया आहे. कोकोपीटच्या ट्रेमध्ये व्हायोला, पॅन्झी, नॅस्टर्शियम, डायँथस. तरुण मालकाचं शिक्षण शेतीचंच. इथं कीटकनाशक मारता येत नाही, कारण फूल धुतलं की संपलं. म्हणून चिकट सापळे, कडुनिंबाचा अर्क आणि रोज प्रत्येक ट्रेवर नजर. सकाळी गारव्यात फुलं खुडतात, पारदर्शक डबीत ओलसर कागदावर एकेक मांडतात आणि दुपारपर्यंत ती मुंबईच्या वाटेला लागतात. चार-पाच दिवसांत वापरली नाहीत तर कचऱ्यात. पॅन्झीला थंडी लागते. उन्हाळ्यात तिचा जीव घाबरा होतो आणि मालकाचाही.

मी पानं-पाकळ्या तिथंच चाखल्या. नॅस्टर्शियमला मोहरीचा-मिरीचा चांगला झणका आहे, कोशिंबिरीत ती मी आनंदानं घालीन. व्हायोलाला गवताइतकी चव. मालक हसून म्हणाला, “ताई, व्हायोला फोटोसाठी असते.” लग्नांच्या मोठ्या कामांना फुलं पुरवणाऱ्या एका केटररनंही तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं: भांडी घासायला आलेल्या ताटांत कडेला सरकवलेली फुलं असतात. पाहुण्यांना वाटतं ती खायची नसतात. कोणीतरी खाऊन दाखवलं की मग टेबलभर धीर येतो.

हे सगळं नाटक आहे म्हणून नाक मुरडणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. पंगतीत पानाभोवती रांगोळी काढणारे आपण, ताट सजवायला आपली हरकत का असावी? गोकर्णाच्या निळ्या फुलांचं गरम पाणी आणि त्यात पिळलेलं लिंबू ही युक्ती मी स्वतः घरी केली आहे. निळ्याचा जांभळा होताना बघून आलेली शेजारची पोरं दोन दिवस लिंबं मागत होती. फुलातला रंग आंबटाला भेटला की बदलतो, एवढंच त्यातलं रसायन. चव म्हणाल तर गरम पाण्याचीच. अडचण सजावटीची नाही, अडचण आहे ती ओळख नसताना केलेल्या सजावटीची. हौशीनं फुलबाजारातून आणलेल्या गुलाबावर आणि झेंडूवर कसले फवारे मारलेत हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, कारण ते हारासाठी पिकवलेले असतात. शंकराला वाहतात तो धोतरा विषारी. कण्हेर विषारी, पिवळी बिट्टी तर जास्तच. फोटोत सुंदर दिसलं म्हणून ताटात ठेवावं अशी ही फुलं नव्हेत. पॉलिहाउसची डबी महाग असते ती याचसाठी: तिच्यात काय आहे आणि तिच्यावर काय नाही, हे सांगणारा एक माणूस मागे उभा असतो. स्टेशनवर काकडं घेतल्याशिवाय जुडी न देणारी बाईही तेच करते. तिच्या खात्रीचे पैसे मात्र कोणी वेगळे मोजत नाही.

महोत्सवाचं टेबल

कृषी विभाग गेली काही वर्षं पावसाळ्यात, ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास, जिल्ह्या-तालुक्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. मी गेले त्या तालुक्याच्या सभागृहात भाषणं लांबली आणि भाज्या वाळत राहिल्या. टेबलांवर भाज्यांच्या नावांच्या पाट्या, गुणधर्मांच्या पाट्या, आणि ‘मधुमेहावर उपयुक्त’, ‘रक्तशुद्धीकर’ असं जवळजवळ प्रत्येक पाटीवर. कसं निवडायचं ते एकाही पाटीवर नाही. पाककृती स्पर्धेत भारंगीच्या फुलांचे कटलेट आणि कुड्याच्या फुलांचा पुलाव होता. दोन्ही फुलं मुळात कडू, उकडून पिळल्याशिवाय तोंडात धरवत नाहीत. कटलेटवालीनं पिळली होती, पुलाववालीनं नाही. परीक्षकांनी पुलावाला दुसरं बक्षीस दिलं. त्यांनी तो खाल्ला होता की पाहिला होता, मला विचारायचा धीर झाला नाही.

गर्दी होती ती कोपऱ्यातल्या एका टेबलाशी. तिथं चाईचा मोहर होता. चाई हा रानकंदाचा वेल. त्याच्या नर फुलोऱ्याच्या नाजूक माळा पावसाळ्यात लोंबतात. माळेवरून बारीक फुलं ओरबाडून घ्यायची, दांडी टाकायची, मग धुऊन कांद्यावर परतायची. किलोभर माळा निवडायला अर्धा दिवस जातो. टेबलामागच्या दोघी जावा-जावा होत्या आणि त्यांनी मोहर निवडूनच आणला होता. पहिल्या वर्षी त्यांनी नुसता निवडलेला ढीग ठेवला तर लोक म्हणाले, हे काय आहे कसं ओळखायचं? कोणी हात लावेना. आता त्या ढिगाशेजारी पानांसकट एक अख्खी माळ ठेवतात. लोक आधी माळ उचलून बघतात, वास घेतात, फोटो काढतात आणि मग ढिगातलं मागतात. निवडलेल्याचा भाव न निवडलेल्याच्या दुप्पट, आणि त्यावर घासाघीस करणाऱ्याला थोरली जाऊ माळच हातात देते: “घ्या, घरी निवडा, निम्म्यात पडेल.” बहुतेक जण दुप्पट भाव देतात.

मी चार माणसांना पुरेल एवढा मोहर मागितला. ढीग संपत आला होता. धाकटीनं माझा नंबर वहीत लिहून घेतला आणि बजावलं, पाहुणे बोलवायचे असतील तर आदल्या दिवशी सकाळी कळवायचं, दुपारनंतर सांगितलं तर निवडून होत नाही, आणि पाऊस असेल तर माळा भिजलेल्या येतात, मग तर अजिबातच नाही.